खासगी गाडी केली की जहाज सोडून जातं?

‘क्रूझवर जहाजाचीच सहल घ्यावी लागते, नाहीतर खाली उतरू देत नाहीत.’ हे ऐकून कित्येकजण दुप्पट पैसे मोजतात. व्हिसाचे कागद नीट असले की आग्नेय आशियातल्या बहुतेक बंदरांवर स्वतः ठरवलेल्या गाडीने खुशाल फिरता येतं. भीतीत तथ्य एवढंच, की जहाजाच्या सहलीची बस रखडली तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी नाही.

‘बँकॉक’ म्हणून छापलेलं बंदर बहुधा लाएम चाबांग असतं. तिथून शहर सव्वाशे किलोमीटर. जाताना दोन तास, येताना ट्रॅफिकची मर्जी. त्यात घड्याळ! थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. सिंगापूरहून निघालेल्या जहाजाने वेळ बदलली नसेल तर ड्रायव्हरचे चार म्हणजे तुमचे पाच. त्यामुळे परतीची वेळ त्याच्या घड्याळात दाखवूनच ठरवा, आणि उरलेले पैसे बंदरावर परतल्यावर द्या.