आइन फेस्टे बुर्ग : शब्दांमागील बायबलचे आधार

‘आइन फेस्टे बुर्ग’ हे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांचे चार कडव्यांचे जर्मन उपासनागीत. पहिल्या ओळीचा अर्थ ‘आमचा देव बळकट गड आहे’. जुन्या गीतसंग्रहांत त्यावर बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ४६ व्या स्तोत्राचा मथळा असल्याने ते त्या स्तोत्राचे पद्यरूप मानले जाते. शब्द तपासले तर हे अंशतःच खरे ठरते.

रचनाकाल वादग्रस्त आहे. ल्यूथर १५२१ मध्ये आपल्या शिकवणीबद्दल जाब देण्यासाठी वर्म्स या जर्मन शहरातील राजसभेपुढे उभे राहिले, तेव्हाचे हे गीत असल्याचे मत लोकप्रिय आहे. तिसऱ्या कडव्यातील ‘जग सैतानांनी भरले तरी’ या शब्दांचा त्याला आधार दिला जातो. परंतु १५२४ च्या संग्रहांत गीत आढळत नाही. १५२९ च्या व्हिटेनबर्ग संग्रहात ते असावे, पण त्याची प्रत उपलब्ध नाही. १५३१ च्या एरफुर्ट संग्रहात मात्र ते आहे. त्यामुळे १५२७–२९ हा काळ अधिक संभवनीय वाटतो. याच काळात, १५२७ मध्ये, ल्यूथर राहत असलेल्या व्हिटेनबर्गात प्लेगची साथ होती.

४६ व्या स्तोत्रातील खवळलेला समुद्र, डळमळणारे पर्वत, नदीकाठचे नगर, मोडलेले धनुष्य यांपैकी गीतात काहीच नाही. उतरले आहे ते देवाचे आश्रयस्थान असणे, ‘आम्ही भिणार नाही’ हा निर्धार आणि ‘सेनाधीश परमेश्वर’ हे नाव. विशेष म्हणजे ल्यूथरच्या भाषांतरात या स्तोत्राच्या आरंभी ‘बुर्ग’ (गड) हा शब्दच नाही. तो १८, ३१ व ९१ या स्तोत्रांत येतो. शीर्षकाची प्रतिमा तिथून आली असावी.

शत्रूचे वर्णन तर सरळ दुसरीकडचे आहे. ‘पृथ्वीवर त्याच्या तोडीचा कोणी नाही’ हे शब्द बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथातील (४१:३३, म्हणजे अध्याय ४१, वचन ३३) लिव्याथान या प्रचंड जलराक्षसाविषयीचे. ल्यूथरने ते सैतानाला लावले. ईयोब आणि स्तोत्रसंहिता या दोहोंची त्याची भाषांतरे १५२४ मध्येच प्रसिद्ध झाली होती, म्हणजे हे शब्द त्याच्या हाताशी होते. ‘गिळून टाकू पाहतो’ हे १ पेत्र ५:८ मधून, ‘या जगाचा अधिपती’ आणि त्याचा झालेला न्याय योहान १६:११ मधून आला आहे. दुसऱ्या कडव्यातील ‘तो कोण, असे विचारतोस?’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तर २४ व्या स्तोत्राच्या शेवटाची (२४:८–१०) आठवण करून देतात. मात्र तिथला सेनाधीश परमेश्वर म्हणजे येशू ख्रिस्तच, असे ल्यूथर थेट नाव घेऊन सांगतो. गीताचा सर्वांत धाडसी अर्थविस्तार हाच.

सैतानाविषयीच्या ‘एक छोटासा शब्द त्याला पाडतो’ या ओळीसाठी अभ्यासक २ थेस्सलनीकाकरांस २:८ (प्रभू आपल्या मुखातील श्वासाने अधर्म्याचा नाश करील) हा आधार दाखवतात. पण १५४१ च्या एका वादपत्रात ल्यूथरने स्वतःच या ओळीचा उल्लेख करून तो शब्द सांगितला आहे : ‘सैताना, तू खोटे बोलतोस’. त्यामुळे योहान ८:४४ (‘लबाडीचा बाप’) हा संदर्भ अधिक जवळचा वाटतो. कवीच्या साक्षीला अभ्यासकांच्या तर्काहून अधिक वजन द्यायला हवे.

चौथ्या कडव्यातील शरीर, धन, मान, मुले व पत्नी यांच्या यादीचा लूक १४:२६ शी आणि ‘राज्य आमचेच राहील’ या शेवटाचा इब्री १२:२८ शी संबंध जोडता येतो.