परदेशी विद्यापीठात इंग्रजी शिकवण्यासाठी अर्ज : खान्देशातल्या प्राध्यापकांचे कागद नेमके कुठे अडतात

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून सौदी अरेबिया, ओमान, जपान किंवा दक्षिण कोरियातल्या विद्यापीठांकडे इंग्रजीच्या अध्यापकपदासाठी जाणारे बरेच अर्ज मुलाखतीच्या आधीच बाद होतात. असे अर्ज पाठवण्यापूर्वी तपासून देण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे. शिकवता येत नाही म्हणून नाकारलेला अर्ज माझ्या पाहण्यात क्वचितच आला. बाकी सगळे कागदावर अडले, आणि तेही थोड्या ठरलेल्या कागदांवर.

पात्रतेत सर्वांत आधी नागरिकत्वाची अट वाचावी. दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरता आहे. भारताशी १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या आर्थिक भागीदारी करारामुळे आपल्याला जी सवलत मिळाली, ती सरकारी शाळांतल्या सहायक शिक्षकांपुरती आहे. विद्यापीठासाठी ई-१ हा प्राध्यापकाचा व्हिसा लागतो, त्यामुळे जाहिरातीत ई-२ लिहिले असेल तर तिथे अर्जाचा खर्च करू नये. आखातात साधारणपणे इंग्रजीतील एम.ए. आणि त्यानंतरचा दोन-तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात. केंब्रिजचे सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र असेल तर अर्ज वर येतो, कारण त्यात किमान १२० तासांचे प्रशिक्षण आणि सहा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन तपासलेले असते. सेट-नेट या आपल्या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा म्हणजे काय, हे तिथल्या निवड समितीला बहुधा ठाऊक नसते. ते एका वाक्यात समजावून लिहावे.

आता मूळ अडचणीकडे येतो. एम.ए. होऊन दहा वर्षे झालेल्या कितीतरी जणांकडे पदवी प्रमाणपत्रच नसते. गुणपत्रके असतात, तात्पुरते प्रमाणपत्र असते, आणि पदवीदान समारंभाचा अर्ज भरायचा राहून गेलेला असतो. परदेशात तात्पुरते प्रमाणपत्र चालत नाही. ज्यांनी पदवी घेतली, त्यांच्यापैकी अनेकांनी ती जपण्यासाठी लॅमिनेट करून ठेवलेली असते. अमळनेरकडच्या एक मॅडम माझ्यासमोर बसून नखाने त्या प्लास्टिकचा कोपरा सोडवू पाहत होत्या. प्लास्टिकबरोबर विद्यापीठाच्या शिक्क्याची शाईही निघून आली. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाने प्रमाणपत्राच्या पाठीवर चिकटवलेला क्रमांकाचा स्टिकर, आणि लॅमिनेशनवर ना तो चिकटवतात ना शिक्का मारतात. प्लास्टिक ओढू नये; सरळ परीक्षा विभागाकडे दुय्यम पदवी प्रमाणपत्राचा अर्ज करावा आणि त्यासाठी काही महिने हातात ठेवावेत.

दुसरा घोळ नावाचा आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि काही ठिकाणी शेवटी आईचेही असते. पासपोर्टवर तीच नावे वेगळ्या क्रमाने विभागलेली असतात. लग्नानंतर पासपोर्ट काढलेल्या शिक्षिकांच्या बाबतीत तर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले असते. ‘मानूस तं एकच शे ना!’ असे आपण अहिराणीत म्हणून मोकळे होतो, पण परदेशातल्या पडताळणी विभागाच्या दृष्टीने ती दोन माणसे असतात. विवाह प्रमाणपत्र, राज्य राजपत्रातील नावबदल आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र, हे तिन्ही एकत्र जोडावे; नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भिस्त ठेवू नये.

तिसरी बाब खास आपल्या भागाची आहे. आपले विद्यापीठ १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. त्याआधीच्या खान्देशी पदव्या पुणे विद्यापीठाच्या, आणि त्या विद्यापीठाचेही नाव २०१४ मध्ये बदलले. पदवीवर एक नाव आणि पडताळणीच्या पत्राच्या शीर्षावर दुसरे, असे दिसले की परदेशात संस्थाच खरी आहे का, अशी शंका घेतली जाते. म्हणून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व गुणांचा एकत्रित उतारा, मागतानाच नामांतराचे पत्र वेगळे मागून घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत पदवीची समकक्षता घेताना शिक्षण नियमित की बहिःस्थ, याचे पत्रही लागते. बहिःस्थ एम.ए. केलेल्यांनी ही गोष्ट लपवू नये, कारण विद्यापीठ ती पत्रात लिहितेच.

अनुभवाच्या दाखल्याबद्दल लिहिताना मला वाईट वाटते. आठ-दहा वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, इमानेइतबारे शिकवलेल्या माणसाला प्राचार्य दोन ओळींचा दाखला देतात, त्यावर ना तासांचा हिशेब असतो ना विषयाचा, आणि परदेशात तो अर्धवेळ म्हणून बाजूला पडतो. दरवर्षीचा नियुक्ती आदेश, विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र, आठवड्याच्या तासिका, शिकवलेले अभ्यासक्रम आणि मानधन जमा झाल्याच्या बँक नोंदी, हे सगळे वर्षवार मांडून घ्यावे आणि दाखल्यात तासांची एकूण संख्या लिहून मागावी. ज्या माणसाने वर्षानुवर्षे महाविद्यालयाचे वर्ग सांभाळले, त्याला एवढा एक कागद नीट लिहून देण्यात कार्यालयाने टाळाटाळ करावी, हे योग्य नाही.

पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाचाच हवा. जिल्हा पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र इथल्या नोकरीला चालते, व्हिसाला नाही. सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट सेवा केंद्रातही त्यासाठी अर्ज करता येतो. शुल्क ५०० रुपये आहे. दाखल्यावर देशाचे नाव असते, त्यामुळे दोन देशांसाठी दोन दाखले लागतात. आणि त्याची मुदत बहुधा सहा महिने धरली जात असल्याने तो सगळ्यांत शेवटी काढावा.

प्रमाणीकरणाचा क्रम विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय असा आहे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. जपान, कोरिया आणि ओमान त्यात आहेतच, आणि सौदी अरेबियाही ७ डिसेंबर २०२२ पासून आला. या करारातल्या देशांसाठी दूतावासाच्या शिक्क्याऐवजी अपोस्टिल पुरते, तरीही सौदीसाठी त्या शिक्क्याचे पैसे सांगणारे एजंट भेटतात. विद्यापीठाला नेमके काय हवे, हे ई-मेलवर लेखी विचारूनच पैसे द्यावेत. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे, त्यावर कागद जमा करून घेणाऱ्या संस्थेचा आकार वेगळा. भरती करणारा एजंट असेल तर त्याचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावा. त्याला घेता येणारे कमाल सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच आहे. दीड-दोन लाख मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

तारखांमध्ये आपली चूक अशी होते की, आपण जूनच्या हिशेबाने तयारीला लागतो. जपानचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि त्याच्या जाहिराती आधीच्या उन्हाळ्यापासून जेरेक-इन या तिथल्या नोकऱ्यांच्या पोर्टलवर येऊ लागतात; कोरियाची सत्रे मार्च आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात. जपानी जाहिरातीतली अंतिम तारीख पुष्कळदा लिफाफा तिथे पोहोचण्याची असते, टपालात टाकण्याची नव्हे. चोपड्याच्या एका तरुणाने शेवटच्या दिवशी स्पीड पोस्ट केले आणि पावती जपून ठेवली होती. त्या पावतीचा काही उपयोग झाला नाही.

निवड झाल्यावर करार पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. नेमणूक विद्यापीठाची आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीची, हे पहिल्या पानावर पाहावे, कारण वर्ग तोच असला तरी घर, विमानतिकीट आणि उन्हाळ्याची पगारी सुट्टी यांत मोठा फरक पडतो. आठवड्याचे तास म्हणजे फक्त वर्गातले की कार्यालयात बसण्याचेही, हे विचारावे. जपानमध्ये एक तास म्हणजे सहसा ९० मिनिटांचा ‘कोमा’ असतो, आणि मुदतीच्या करारांत नूतनीकरण किती वेळा होईल हे आधीच लिहिलेले असते. सौदीत कुटुंब नेणाऱ्यांना प्रत्येक अवलंबित व्यक्तीमागे दरमहा ४०० रियालचे शुल्क पडते. ते कोण भरणार, हे करारात नसेल तर आपणच भरायचे असते. तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे सेवासमाप्तीची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याच्या वेतनाइतकी आणि त्यापुढे पूर्ण महिन्याची मिळते, परंतु दोन वर्षे भरण्यापूर्वी स्वतः राजीनामा दिल्यास त्यातले काहीच मिळत नाही. म्हणून एक वर्षाच्या करारावर जाणाऱ्यांनी मुदत पूर्ण झाल्याचे पत्र घेऊनच निघावे, राजीनाम्याच्या छापील नमुन्यावर सही करून नव्हे.