ठाणे–नेरुळ लोकलमधली पीएचडी

सकाळची ठाणे–नेरुळ लोकल. लेडीज डब्यात मांडीवर टर्मवर्कच्या फायली, त्यांवर लॅपटॉप, लॅपटॉपवर थीसिसचं तिसरं प्रकरण आणि ऐरोली येईपर्यंत घरी फोन: "ताप उतरला का गं? नाही? मग शाळेत पाठवू नको." नवी मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवणाऱ्या आम्हा बायकांचं संशोधन बरंचसं या गाडीतच होतं. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

देशातल्या अगदी पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक, ए. ललिता यांनी मद्रासजवळच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकलची पदवी घेतली. अठराव्या वर्षी वैधव्य आलं, पदरी तान्ही मुलगी. वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून प्रवेशाचा रस्ता निघाला. मूल नातेवाइकांनी सांभाळलं, म्हणून शिक्षण पुरं झालं. मुलींना द्यायच्या प्रमाणपत्रांवर छापलेला 'तो' खोडून हाताने 'ती' लिहावं लागलं होतं. कागदावरची ती दुरुस्ती एका रेघेत उरकली. मूल सांभाळायची व्यवस्था मात्र अजूनही घरावरच टाकलेली आहे.

आपल्याकडे खरा बदल १९८३ पासूनचा. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. नेरुळचं रामराव आदिक इन्स्टिट्यूट त्याच वर्षीचं, ऐरोलीचं दत्ता मेघे १९८८ चं, वाशीचं फादर अ‍ॅग्नेल १९९४ चं. कॉम्प्युटरच्या शाखा वाढल्या, मुलींना ३० टक्के जागा राखीव झाल्या आणि त्या मोठ्या संख्येने शिकू लागल्या. तेव्हा फर्स्ट क्लास बी.ई.वर लेक्चरर होता येई. "कारखान्याच्या शॉप फ्लोअरपेक्षा कॉलेज बरं, संध्याकाळी घरी येशील," असं म्हणत घरच्यांनीच मुलींना या नोकरीत धाडलं. २००४ मध्ये ठाण्याहून ट्रान्स हार्बर गाड्या सुरू झाल्यावर तर ठाणे, कळवा, डोंबिवलीच्या बायकांना ही कॉलेजं हाकेच्या अंतरावर आली.

पण पुढे नियम बदलले. तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या २०१० च्या नियमांत असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएचडी लागू लागली, २०१९ मध्येही ती अट राहिली. अट गैर आहे असं मी म्हणणार नाही. शिकवणाऱ्याने संशोधन केलंच पाहिजे. पण पीएचडीची वर्षं आणि लेकरं लहान असण्याची वर्षं एकच असतात. त्यात दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल, कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या फायली. गाइड मिळाला तरी तो पवईच्या आयआयटीत नाहीतर माटुंग्याच्या एखाद्या जुन्या संस्थेत. पुरुष सहकारी सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये बसतो. बाईचा रविवार आठवड्याच्या धुण्यात आणि पोरांच्या प्रोजेक्टमध्ये जातो.

आधाराच्या योजना आल्या, पण उशिरा. करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिक योजना काढली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१६ मध्ये महिलांना पीएचडीसाठी दोन वर्षं जास्त आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा दिली. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. संस्थांनी स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीने स्वतःच्या कारभाराची तपासणी करावी म्हणून २०२० मध्ये 'गती' हा उपक्रम ३० संस्थांत सुरू झाला. पण अकरा महिन्यांच्या करारावर शिकवणारी बाई सहा महिन्यांची रजा मागताना दहादा विचार करते, कारण करार पुन्हा होईलच याची खात्री नसते. नियम आणि नेमणूक यांची सांगड घातल्याशिवाय हे सुटणार नाही.

आमच्या डब्यातल्या एकीने मुलगी वर्षाची असताना पीएचडीसाठी नोंदणी केली. सहा वर्षांची मुदत संपली तेव्हा दोन प्रकरणं बाकी होती. ती वाढीव दोन वर्षं मिळाली नसती तर नोंदणीच गेली असती. आठव्या वर्षी व्हायवा झाली. मागच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या, शेजारी नऊ वर्षांची मुलगी. आईच्या किती स्लाइड झाल्या, ते ती बोटांवर मोजत होती.