नगरसुरक्षा (इंदूर)

नगरात राहणाऱ्या माणसाचा जीव, घर आणि वाट सुखरूप राहावी म्हणून नगरसंस्था, पोलीस आणि रहिवासी मिळून जे करतात त्याला नगरसुरक्षा म्हणतात. हा शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे दंडुका आणि शिट्टी येते. इंदूरचा इतिहास मात्र सांगतो की या गावात माणसांचे बळी घेतले ते बहुतेक उंदरांनी, घाण पाण्याने, खचलेल्या घरांनी आणि झाकून विसरलेल्या विहिरींनी. त्यामुळे या नोंदीत कोतवालापेक्षा झाडूवाल्याला जास्त जागा दिली आहे, आणि ती त्याची हक्काची आहे.

१८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांनी इंदूरला राजधानी केली, तेव्हा हे खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठचे व्यापारी गाव होते. राजवाड्याभोवती बाजार, बाजारामागे सरदारांचे वाडे आणि त्यांच्या घोडदळाच्या पागा अशी वस्ती वाढत गेली. पागनीस पागा हे मोहल्ल्याचे नाव आजही त्या दिवसांची आठवण देते. मराठी अमलातल्या इतर शहरांत होती तशीच इथेही शहराची राखण कोतवालाकडे असे. कोतवाल म्हणजे केवळ चोर पकडणारा नव्हे. रात्रीची गस्त, बाजारातले भाव आणि मापे, गावात आल्यागेल्याची नोंद, किरकोळ तंट्यांचा निवाडा ही सगळी कामे एकाच कचेरीत होत. पोलीस आणि नगरपालिका ही वाटणी पुढची आहे. इंदुरात ती १८७० मध्ये सुरू झाली. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत त्या वर्षी पहिली नगरपालिका स्थापन झाली आणि बक्षी खुमानसिंग तिचे अध्यक्ष झाले. कंदील, रस्ते, झाडलोट आणि पाणी ही कामे तेव्हापासून कोतवालीतून निघून पालिकेच्या दारात आली.

या नव्या संस्थेची खरी परीक्षा प्लेगने घेतली. १८९६ मध्ये मुंबईत उतरलेला हा रोग रेल्वे आणि धान्याच्या पोत्यांबरोबर देशभर पसरला. आधी उंदीर मरतो आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा आसरा शोधत माणसाकडे येतात, हे शास्त्रज्ञांनी त्या दशकाअखेर दाखवून दिले. पण मातीच्या भिंती, लाकडी माळे आणि घरातच धान्याची कोठारे असलेल्या माळव्यातल्या गावात हे ज्ञान घरोघरी पोचवायचे कसे? पुण्याने एक उत्तर पाहिले होते. १८९७ मध्ये रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांना घरांत घुसवले, माणसांना ओढून छावण्यांत नेले, सामान जाळले. लोकांनी रोग्यांना लपवले, प्लेग तसाच राहिला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारी माणूस उंबरठ्यावर कसा येतो यावर साथीचे भवितव्य ठरते, हा त्या वर्षाचा धडा मराठी माणसाला दुसऱ्या कुणी शिकवावा लागला नाही.

दुसरे उत्तर इंदुराने पाहिले आणि नगरसुरक्षेच्या इतिहासात या शहराला स्वतंत्र पान मिळावे ते त्यासाठी. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने शहराच्या सुधारणेचा आराखडा करायला पॅट्रिक गेडिस यांना बोलावले. गेडिस (१८५४–१९३२) मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये नगररचनेचे प्रदर्शन भरवायला ते हिंदुस्थानात आले आणि इथल्या कितीतरी शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. बडोद्याचा अहवाल १९१६ चा, इंदूरचा दोन खंडांतला अहवाल १९१८ चा. इंदूरच्या कामाला लागले तेव्हा ते दुःखात बुडालेले होते. १९१७ च्या एकाच वर्षात थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला आणि पत्नी हिंदुस्थानातच आजारपणात गेली. तरीही हा म्हातारा गावातली एकेक गल्ली पायी हिंडून, नकाशा हातात धरून ओटल्यांवरची माणसे न्याहाळत असे.

पुढची हकिकत गेडिस स्वतः सांगत असत आणि त्यांच्या चरित्रकारांनी ती नोंदली आहे. नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक भीतीने पाहत. नगररचना म्हणजे घरे पाडणे, असा अनुभव लोकांना इतर शहरांच्या बातम्यांतून आलेला होता. साहेब मोजमाप घेऊन गेला की कुदळ येणार, आणि कुदळीमागून प्लेग, असा हिशेब त्यांनी मांडला होता. गेडिसनी हे ऐकले आणि अधिकाऱ्यांकडे एकच मागणे मागितले: दिवाळीला एका दिवसापुरते मला महाराज करा.

मग दवंडी पिटली गेली. यंदाची मोठी मिरवणूक नेहमीच्या रस्त्यांनी जाणार नाही. ज्या गल्ल्यांतली घरे सर्वांत जास्त झाडून, सारवून, डागडुजी करून नीट केलेली असतील त्या गल्ल्यांतून ती जाईल. घराघरातला केरकचरा पालिका फुकट उचलून नेईल. दंडाची धमकी कुणाला दिलेली नव्हती. मिरवणूक आपल्या दारावरून जावी ही इच्छा एवढेच काय ते हत्यार. गल्लीगल्लीत चुरस लागली. परसांतून, माळ्यांवरून, जिन्याखालून वर्षांनुवर्षांचा कचरा बाहेर निघाला, हजारो गाड्या भरल्या, उंदरांचे सापळे लागले. माझ्या मते गेडिसच्या साऱ्या आराखड्यापेक्षा ही दवंडी मोठी आहे. सुरक्षेचा जो नियम घरमालकाने स्वतःच्या हौसेने पाळला, तो पाळला जातोय का हे पाहायला शिपाई लागत नाही.

मिरवणुकीची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. पुढे नेहमीचा लवाजमा, हत्ती, घोडे, वाजंत्री आणि माळव्याच्या सुगीची चित्रे. त्यामागून बेसूर, अंगावर काटा आणणारे वाद्य आणि पडक्या घरांचे, रोगाचे, राक्षसांचे देखावे. त्यात घाणीचा एक प्रचंड राक्षस आणि प्लेगचा एक अजस्र उंदीर, अंगावर पिसवा थरथरणारा. पुस्तकात सांगून न पटणारे पिसवांचे शास्त्र गावातल्या पोरासोरांनी रस्त्यावर उभे राहून पाहिले. थोडी मोकळी जागा सोडून मग आले शहराचे सफाई कामगार: पांढरे स्वच्छ कपडे, फुले, हातात नवे झाडू, आणि नव्याने रंगवलेल्या कचरागाड्या ओढणारे शिंगे रंगवलेले बैल. ज्यांची सावलीही टाळली जात होती त्यांना ऐन दिवाळीच्या मिरवणुकीत मानाची जागा मिळाली आणि प्रतिष्ठितांनी त्यांचा सत्कार केला. त्यामागे नगरलक्ष्मी, नव्या शहराच्या नकाशांचे आणि सुबक घरांचे देखावे, फळाफुलांच्या गाड्या. लोकांना तुळशीची रोपे वाटली. शेवटी बागेत जमून घाणीचा राक्षस आणि उंदीर यांची होळी केली, वर दारूकाम झाले.

प्लेग त्यानंतर ओसरला. त्याचे सारे श्रेय मिरवणुकीला देणे बरोबर होणार नाही. रोगाचा हंगाम सरत आला होता आणि गेडिसही हे मान्य करीत. पण साफ झालेली घरे आणि पकडलेले उंदीर खरे होते, आणि साहेबाला पाहून दार लावणारी माणसे नंतर त्याला घरात बोलावू लागली. घरे पाडण्याबद्दलचे गेडिसचे मत अहवालात स्पष्ट आहे. सरळ रेघ मारून वस्ती उठवू नये. एखादी पडकी भिंत काढावी, कोपऱ्यात चौक मोकळा करावा, विहिरीभोवती झाडे लावावीत आणि माणसे आपल्या गल्लीतच राहू द्यावीत. याला ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. १९१७ मध्येच इंदुरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्या संमेलनाची आठवण इथली मराठी मंडळी अजून सांगतात. याच काळातल्या या मिरवणुकीची आठवण मात्र रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत फारशी कुणी काढत नाही, याचे वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये मध्य प्रदेश राज्य झाले आणि त्याच वर्षीच्या कायद्याखाली इंदूर महानगरपालिका आली. आज शहराचे ८५ वॉर्ड आहेत. नगरसेवकाला इथे पार्षद म्हणतात, आणि इंदूरचा मराठी माणूसही हाच शब्द वापरतो. पाण्याचा प्रश्न गंभीर नदीवरच्या यशवंत सागराने काही काळ भागवला. पुढे लोकांच्या आंदोलनानंतर १९७८ मध्ये जलूदहून नर्मदेचे पाणी शहरात पोचले. नळ आला आणि घरोघरच्या विहिरी, मोहल्ल्यांतल्या बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) निरुपयोगी वाटू लागल्या. कुणी त्यांत कचरा टाकला, कुणी वर स्लॅब ओतला. या गोष्टीकडे पुन्हा यावे लागेल.

केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे इंदूर पहिले आले. दारोदार फिरणारी कचरागाडी, ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय, रात्री धुतले जाणारे रस्ते आणि देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा, रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प (२०२२) हे या यशाचे खांब. दंड होताच, पण सकाळी गाडीचे गाणे ऐकून डबा घेऊन खाली उतरणाऱ्या आजींना दंडाची भीती नसते. आपला वॉर्ड मागे पडू नये ही ओढ असते. शंभर वर्षांपूर्वीची दिवाळीची चुरस आणि ही चुरस एकाच जातीची आहे. अंगण स्वच्छ असले की डेंग्यूचा डास कमी होतो, नाली वाहती असली की पावसात पाणी घरात शिरत नाही, दिवा लागलेला असला की रात्री पाळीवरून परतणारी मुलगी निर्धास्त चालते. हे तिन्ही पालिकेच्या हातातले आहे आणि तिन्ही सुरक्षेच्या खात्यातले आहे.

पोलिसांच्या बाजूने डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस आयुक्त पद्धत सुरू झाली. रहिवाशांचा सहभाग नगर सुरक्षा समितीतून होतो. ग्राम व नगर रक्षा समित्यांसाठी मध्य प्रदेशाने १९९९ मध्ये कायदा केला. समितीचे सदस्य बिनपगारी. दुकानदार, निवृत्त कर्मचारी, कॉलेजातली मुले असे कुणीही ठाण्यात नाव नोंदवून गस्तीला, वाहतुकीला, सणांच्या बंदोबस्ताला उभे राहतात. त्यांचे काम पाहायचे तर अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यावर जावे. कापड गिरण्यांच्या कामगारांनी गणपतीबरोबर झाक्या (रोषणाईचे चित्ररथ) काढण्याची प्रथा शंभर वर्षांच्या घरातली आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, थकलेले पैसे कामगारांना २०२३ च्या डिसेंबरात मिळाले, पण मधल्या साऱ्या वर्षांत वर्गणी मागून झाकी निघतच राहिली. रात्रभर अरुंद रस्त्यांवर लाखोंची गर्दी, झाक्यांवरची वीज, लाठी-पट्टा फिरवणारे आखाडे, बापाच्या खांद्यावरची पोरे. हरवलेले मूल ध्वनिक्षेपकावरून पुकारणारा आणि ओटल्यावर चढलेल्यांना हात जोडून खाली उतरवणारा माणूस बहुधा समितीचा असतो.

जिथे अशी उभी माणसे नव्हती, फक्त कागद होता, तिथे काय झाले तेही नोंदवले पाहिजे. ३१ मार्च २०१८ च्या रात्री सरवटे बस स्थानकाजवळची जुनी लॉजची इमारत कोसळली आणि १० जण गेले. मग ३० मार्च २०२३, रामनवमी. पटेलनगरातल्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू होते. भाविक ज्या फरशीवर बसले होते ती एका जुन्या बावडीवर ओतलेली होती. ती खचली आणि ३६ माणसे बुडून, दबून मेली. रहिवाशांनी तिथल्या बांधकामाबद्दल आधी तक्रार केली होती, महापालिकेने नोटीसही दिली होती. श्रद्धेच्या जागेला हात कसा लावायचा, या अडचणीत नोटीस अडकून पडली. ही अडचण खोटी नव्हती. पण त्या फरशीखाली पाणी आहे हे भाविकांना सांगायला, दोरी बांधून तेवढा भाग बंद करायला, हवन पलीकडच्या अंगणात हलवायला कुणाच्या श्रद्धेला धक्का लागला नसता. जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणतात ती हीच.

अपघातानंतर चार दिवसांनी, ३ एप्रिलला, महापालिकेने ते बांधकाम पाडले आणि बावडी भरून टाकली. शहरातल्या इतर झाकलेल्या विहिरी-बावड्यांची यादी करून त्यांच्यावरची बांधकामे काढण्याचे काम हाती घेतले. गेडिसनी हिंदुस्थानातल्या गावोगावी विहिरी आणि तळी बुजवण्याला विरोध केला होता. ती उपसून, स्वच्छ करून, कठडा बांधून वापरात ठेवावीत, असे त्यांचे सांगणे होते. ज्या बावडीतले पाणी रोज कुणीतरी शेंदते तिच्यावर कुणी स्लॅब ओतत नाही. इंदूरच्या यादीतल्या काही बावड्या उपसल्या गेल्या आहेत, काहींना जाळी बसली आहे.