नळीचं तोंड कुठे आहे?

गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो खरं, पण इंजिनाच्या पोटात जाणाऱ्या मालाचं वजन केलं तर त्यात पेट्रोल चिमूटभर आणि हवाच फार. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. स्पोर्ट्स कारचं दोन लिटरचं, चार स्ट्रोकचं इंजिन ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांनी, पूर्ण दमात फिरत असेल, तर दर दोन फेऱ्यांमागे दोन लिटर या हिशेबानं ते सेकंदाला १०० लिटर हवा ओढतं. वीस लिटरच्या पाच बादल्या, दर सेकंदाला! ही हवा गार मिळावी आणि विनाअडथळा मिळावी, एवढ्याचसाठी कोल्ड एअर इनटेकचा, म्हणजे बाहेरची गार हवा इंजिनात आणणाऱ्या नळीचा, खटाटोप असतो. एक पाइप, दोन-तीन रबरी जोड, क्लॅम्प आणि फिल्टर एवढ्यावर तो घरी बनवता येतो. या कामातून भौतिकशास्त्र जेवढं हाताला लागतं, तेवढं क्वचितच दुसऱ्या कशातून लागत असेल.

हवा तापली की फुगते. जाक शार्ल या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे अठराव्या शतकाच्या शेवटी तपासलं आणि त्याच्याच देशाच्या गे-ल्युसाकनं १८०२ साली नीट मांडून प्रसिद्ध केलं. सिलिंडरमध्ये जागा तेवढीच, पण हवा फुगलेली असेल तर तिच्यातला प्राणवायू कमी भरतो. ३० अंश सेल्सिअसला १०० लिटर हवेचं वजन सुमारे ११६ ग्रॅम असतं, ६० अंशांना ते १०६ ग्रॅमवर येतं. म्हणजे जवळपास नऊ टक्के घट. आता यावरून ताकदही नऊ टक्क्यांनी घटेल असं वाटतं, पण तसं होत नाही. गार हवासुद्धा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या) आणि व्हॉल्व्हजवळच्या तापलेल्या धातूवरून जाताना थोडी तापतेच, आणि जितकी गार तितकी जास्त उष्णता उचलते. त्यामुळे आयएसओ १५८५ या इंजिनाची ताकद मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात पेट्रोल इंजिनासाठी तापमानाच्या गुणोत्तराचा घात एकाऐवजी ०.६ धरला आहे. त्या हिशेबानं वरच्या उदाहरणातला फरक साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. हाही काही लहान नाही. शिवाय गरम हवेनं नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके पडण्याची, भीती वाढते, म्हणून इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि पिकअप आणखी मंदावतो.

आता खरा मुद्दा. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांत फिल्टरच्या डब्याला एक चोंच असते आणि ती ग्रिलमागून किंवा चाकाच्या कमानीतून बाहेरची हवा घेते. दिसायला ती अगदीच बेंगरूळ असते. पुष्कळजण तो डबा काढून टाकतात आणि चकचकीत पाइपच्या टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर लावून तो बॉनेटखाली उघडाच ठेवतात. आवाज झकास येतो, कारण डब्यातल्या ज्या पोकळ्या ठरावीक कंपनं गिळत होत्या त्या गेलेल्या असतात. पण हवा कुठली आत जाते? रेडिएटरमधून तापून आलेली आणि एक्झॉस्टला चाटून आलेली. गाडी उभी असताना बॉनेटखालची हवा साठ अंशांच्या वर सहज जाते. हे आगीतून फुफाट्यात पडणंच झालं.

म्हणून पाइप कापायला घेण्याआधी फिल्टर कुठे बसणार ते ठरवायचं. बंपरच्या मागची किंवा फेंडरच्या आतली पोकळी उत्तम. तिथे जाणं शक्य नसेल तर फिल्टरभोवती पत्र्याची पेटी करायची, तिच्या वरच्या कडेला रबराची पट्टी लावायची, म्हणजे बॉनेट बंद केल्यावर पेटीला झाकण बसतं, आणि बाहेरची हवा आणणारं भोक तेवढं मोकळं ठेवायचं. या पेटीचं महत्त्व पाइपपेक्षा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅल्युमिनियमचा पाइप तापतो म्हणून प्लॅस्टिकचा घ्यावा का, यावर वाद फार चालतात. जरा गणित करू. ७६ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून सेकंदाला १०० लिटर जायचे तर हवेला सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ७९ किलोमीटर वेगानं धावावं लागतं. पाइप ८० सेंटिमीटर लांब असेल तर हवा त्यात सेकंदाचा पंचविसावा भागसुद्धा थांबत नाही. एवढ्या वेळात ती तापून तापणार किती? इंजिन नुसतं घरघरत उभं असताना मात्र हवा पाइपमधून रेंगाळत जाते आणि तिथे धातूचा फरक जाणवतो. पाण्याच्या लाइनीचा पीव्हीसी पाइप अनेकांच्या हाताशी असतो, पण तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. एक्झॉस्टच्या शेजारी तो नको.

समोरून येणारा वारा आत कोंबला जाऊन फायदा होतो, हीसुद्धा एक लाडकी समजूत. ताशी १०० किलोमीटरला त्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. दात कोरून पोट भरत नाही.

ज्या जागी गफलत महाग पडते ती जागा म्हणजे हवा मोजणारा सेन्सर. पुष्कळ गाड्यांत फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, एका छोट्या कड्यात तो बसवलेला असतो. टॉर्च धरून आत पाहिलं तर काहींमध्ये केसाएवढी बारीक तार दिसते, काहींमध्ये चपटी फीत. ती विजेनं तापवलेली असते. वाहती हवा तिला गार करते आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागली यावरून किती हवा गेली ते ईसीयू ताडतो. पण हा सगळा हिशेब त्या कड्याच्या व्यासावर बेतलेला असतो. ७० मिलिमीटरच्या कड्यातला सेन्सर काढून ७६ च्या पाइपमध्ये बसवला, तर छेद १८ टक्क्यांनी वाढतो, तेवढीच हवा हळू वाहते आणि सेन्सर सुमारे १५ टक्के कमी हवा सांगतो. ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल कमी सोडतो. शांत चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो. पण पूर्ण एक्सलरेटर दाबला की पुष्कळ गाड्यांत ती सावरासावर थांबते, आणि नेमकं तेव्हाच मिश्रण पातळ होऊन इंजिन भाजतं, नॉकिंग सुरू होतं. म्हणून मूळ कडं तसंच्या तसं वापरावं. त्याच्या अलीकडे पाइपचा सरळ तुकडा असावा, कारण वळणातून येणारी हवा बाहेरच्या भिंतीला दाटते आणि तारेला खोटी साक्ष देते. इंजिनाकडून येणारी ब्रीदरची नळी (इंजिनाच्या पोटातली वाफ खेळती ठेवणारी) सेन्सरच्या पुढेच, इंजिनाच्या बाजूला, जोडायची. ती उघडी राहिली तर न मोजलेली हवा आत शिरते. तेल लावायचा सुती फिल्टर असेल तर तेल बेतानं, नाहीतर ते तारेवर जाऊन बसतं.

मूळ व्यवस्था कितपत अडवते हे कापाकापीआधी मोजता येतं. पारदर्शक नळी यू आकारात पट्टीवर चिकटवा, तिच्यात रंगीत पाणी भरा, एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल (एक्सलरेटरनं उघडणारी हवेची झडप) यांमधल्या पाइपला लावलेल्या बारीक निपलला, म्हणजे छोट्या तोटीला, जोडा, दुसरं उघडं ठेवा. बंद ट्रॅकवर एकानं पूर्ण दमात गाडी पळवायची, दुसऱ्यानं पाणी पाहायचं. दोन्ही बाजूंत १० सेंटिमीटरचा फरक पडला तर दाब सुमारे एक टक्क्यानं उतरलेला असतो. ७० च्या पाइपमध्ये त्यातले चारेक सेंटिमीटर हवेच्या वेगामुळेच दिसतात, तो तोटा धरायचा नाही. मग निपल फिल्टरच्या अलीकडे लावून पुन्हा पाहायचं. चोर फिल्टर आहे की ती चोंच, हे तिथल्या तिथे कळतं. कधीकधी नवा फिल्टर बसवण्यापलीकडे काही करायची गरजच नसते. हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या गाडीत ती गार करायचं काम इंटरकूलर करतो, तिथे हे पाण्याचं मोजमाप थर्मामीटरपेक्षा जास्त कामाचं.

फिल्टर बंपरमध्ये खाली नेला तर पाण्याचा विचार हवाच. पाणी दाबलं जात नाही. साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडाला आणि इंजिनानं घोट घेतला, तर वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंड शक्य तितकं उंच ठेवावं.

जोड सिलिकॉनचे किंवा रबराचे घ्या, कारण इंजिन आपल्या माउंटवर हलत असतं आणि ताठ पाइप तडकतो. कापल्यावर पाइप आतून धुवा, धातूचा एक कीसही राहता कामा नये. शेदोनशे किलोमीटर झाले की थ्रॉटलजवळचा क्लॅम्प सैल करा आणि पाइपच्या आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धुळीची रेघ उमटली, तर फिल्टरच्या मुळाशी किंवा एखाद्या जोडाशी फट आहे. ती सापडेपर्यंत जुना डबा परत लावा.