केनियाच्या रस्त्यांवर वर्षाला माणसं मरतात तरी किती?

२०१६ साली केनियात रस्ते अपघातात सरकारी हिशोबाप्रमाणे २,९६५ माणसं गेली. त्याच देशासाठी त्याच वर्षाचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १३,४६३. म्हणजे साडेचार पट! आता हा दुसरा आकडा पण मोजलेला नाहीये बरं का, जिथे मृत्यूंची नोंदणी अपुरी असते तिथे लोकसंख्या, गाड्या, उत्पन्न वगैरे माहिती घालून गणिती मॉडेलने काढलेला अंदाज आहे. पण इतका फरक पडतो कसा? तर नोंद मुख्यतः पोलिसांकडून येते. पोलिस जागेवर पोचले, केस झाली, तर माणूस कागदावर येतो. जखमी होऊन दवाखान्यात गेला आणि बाराव्या दिवशी वारला तर तो बऱ्याचदा अपघाताच्या रजिस्टरमध्ये येतच नाही, खरं तर ३० दिवसांच्या आत गेलेला माणूस अपघाती मृत्यूत धरायचा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. गावाकडे तर दवाखान्यापर्यंत न पोचताच जीव जातो.

मला आफ्रिकेतल्या ट्रॅफिकबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात सगळ्यात जास्त हेच खटकतं. फ्लायओव्हर, मेट्रो, इलेक्ट्रिक बस यावर भरपूर बोललं जातं आणि मोजण्यावर फारच कमी. आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागात २०२१ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर गेले, २०१० पेक्षा १७ टक्के जास्त, आणि याच काळात जगाचा एकूण आकडा थोडा खाली आलाय. जगातल्या गाड्यांपैकी जेमतेम तीन-चार टक्के गाड्या तिथे आहेत आणि मृत्यू मात्र जवळजवळ पाचवा हिस्सा.

गाड्या इतक्या कमी असून मरतंय कोण? तर चालणारे. नैरोबीत रोजच्या प्रवासातला खूप मोठा वाटा पायी होतो, लोक मैलोन् मैल चालत कामावर जातात कारण मटाटूचं (तिथल्या खासगी मिनीबसचं) भाडं रोज परवडत नाही. आणि रस्ते बांधले जातात ते गाड्यांसाठी. २०१२ मध्ये नैरोबी ते थिका असा साधारण ५० किलोमीटरचा मोठा हायवे झाला, काही ठिकाणी आठ लेनचा. गाड्या सुसाट निघाल्या, तासांचा प्रवास कमी झाला आणि रस्ता पायी ओलांडणारी माणसं त्याच वेगाखाली यायला लागली. पादचारी पूल आहेत, पण पूल लांब असला तर डोक्यावर ओझं घेतलेली बाई अर्धा किलोमीटर वळसा घालून जिना चढेल का? ती दुभाजकावरूनच जाणार. कोंडी सोडवली असं एका खात्याने लिहिलं आणि अपघात वाढले असं दुसऱ्याने, दोन्ही एकाच रस्त्याबद्दल. म्हणून मला वाटतं की कोंडी, हवा आणि सुरक्षा हे तीन वेगवेगळे विषय म्हणून अभ्यासणं हीच मोठी अडचण आहे.

मटाटूचंच बघा. बहुतेक ठिकाणी मालक ड्रायव्हरला रोजचं टार्गेट देतो, तेवढे पैसे मालकाचे आणि वर जे उरेल ते ड्रायव्हर-कंडक्टरचं. साहजिकच जास्त फेऱ्या, जास्त वेग, मध्येच ब्रेक मारून पॅसेंजर उचलणं. यावर जॉर्जटाउन विद्यापीठाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक भारी प्रयोग केला. मटाटूच्या आत स्टिकर लावले, ड्रायव्हर वेडीवाकडी चालवत असेल तर गप्प बसू नका, बोला असं सांगणारे. कुठल्या गाडीला स्टिकर मिळणार ते यादृच्छिक ठरवलं आणि स्टिकर टिकवणाऱ्या ड्रायव्हरसाठी लॉटरी ठेवली. निकाल कशावरून मोजला? पोलिसांच्या नोंदीवर विसंबता येत नाही म्हणून विमा कंपन्यांच्या क्लेमवरून! पहिल्या प्रयोगात क्लेम निम्म्याहून खाली आले, नंतरच्या मोठ्या प्रयोगात पाव ते एक तृतीयांश घट दिसली. दुसऱ्या एका अभ्यासात मटाटूंना जीपीएस बसवून माहिती मालकांना दिली, तर मालकांचा फायदा झाला, गाडीची मोडतोड कमी झाली, पण सुरक्षितता काही वाढली नाही, कारण मालकाला काळजी गाडीची होती. तिथे प्रत्यक्ष तपासून बघितल्याशिवाय हे कळलं नसतं.

आता हवा. युरोप आणि जपानमधून जुन्या गाड्या आफ्रिकेत येतात, २०१५ ते २०१८ मध्ये जगात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या त्यातल्या ४० टक्के आफ्रिकेत गेल्या. नेदरलँड्सने आपल्या बंदरातून जाणाऱ्या गाड्या तपासल्या तर बऱ्याच १६ ते २० वर्षं जुन्या, काहींचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून घेतलेला, कारण त्यात महाग धातू असतात. त्यात डिझेल गंधकाने भरलेलं. युरोपात दहा लाखात १० भागांची मर्यादा आणि घानामध्ये २०१७ पर्यंत ३,००० चालायचे, त्या वर्षी त्यांनी ते एकदम ५० वर आणलं. आणि ठरवलं की होतं हे शिशाच्या पेट्रोलने दाखवलंय, २००१ ला सेनेगलमधल्या डकारमध्ये ठराव झाला आणि २००६ उजाडेपर्यंत सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतून ते बंद झालं.

मोटरसायकल टॅक्सी, म्हणजे बोडा बोडा, यांच्यात आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर तर युगांडाच्या कंपालात, नैरोबीत सगळीकडे दिसते. अशी गाडी दिवसभर पॅसेंजर घेऊन धुळीच्या चढणीवर चालली, मेंटेनन्स गल्लीतल्या मेकॅनिककडे, तर ती किलोमीटरमागे किती धूर सोडते? प्रदूषणाचा हिशोब करताना जे गुणक वापरतात ते बरेचसे युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांवरून काढलेले. शिवाय तिथल्या हवेत कच्च्या रस्त्याची धूळ, कोळशाच्या चुलीचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर मिसळलेला असतो, गाड्यांचा वाटा त्यातून वेगळा काढायचा तर फिल्टरवर जमलेल्या कणांचं रसायन तपासावं लागतं आणि त्यासाठी लॅब हवी, वर्षभराचे नमुने हवेत.

कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठातल्या एअरक्यू टीमने २०१५ पासून यावर जे काम केलंय ते मला फार आवडतं. प्रोफेसर एंजिनीअर बैनोमुगिशा (एंजिनीअर हे त्यांचं नावच आहे) आणि त्यांच्या टीमने धूळ, ऊन आणि सतत जाणारी वीज धरून स्वस्त सेन्सर बनवले, सोलरवर चालणारे, काही तर बोडा बोडावर बसवलेले. असा सेन्सर लेझरचा उजेड कणांवरून किती विखुरतो त्यावरून पीएम २.५ चा (हवेतल्या अगदी बारीक कणांचा) अंदाज करतो, पण दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा जास्त येतो, म्हणून महागड्या संदर्भ यंत्राशेजारी ठेवून तो आधी जुळवून घ्यावा लागतो. अशी संदर्भ यंत्रं आफ्रिकेत मोजकीच, त्यातली बरीच अमेरिकन वकिलातींच्या छतावर होती आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने ती माहिती देणं थांबवलं. आपली यंत्रं आपल्याकडे का हवीत ते इथे समजतं.

कोंडीचंही तसंच. नैरोबीच्या मटाटूंचे रूट कागदावर नव्हतेच, नैरोबी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठांच्या लोकांबरोबर फोन घेऊन मटाटूत बसून १३० च्या वर रूट नोंदले आणि २०१४ ला पहिला नकाशा आला. चालणाऱ्यांचा असा नकाशा मात्र क्वचितच कुठे असतो. कोण कुठून कुठे चालतं, कुठे ओलांडतं, किती वेळ धुरात उभं राहतं हे मोजायला पाहिजे आणि दवाखान्याच्या, शवागाराच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी जोडायला पाहिजेत.

टांझानियातल्या दार एस सलाममध्ये अमेंड नावाच्या संस्थेने हेच छोट्या प्रमाणात केलंय. पोलिसांचा आकडा बाजूला ठेवून शाळांच्या आसपास घरोघरी जाऊन विचारलं, की तुमच्या पोराला गाडीने ठोकलं होतं का, कुठे, कसं. मग काही शाळांजवळ स्पीडब्रेकर, फुटपाथ, खांब लावले, काही ठिकाणी शाळेचं गेटच मोठ्या रस्त्यावरून आतल्या गल्लीत नेलं, आणि तशाच दुसऱ्या शाळांशी तुलना केली. मुलांच्या जखमा साधारण एक चतुर्थांशाने कमी झाल्या.