माशांमधील परोपजीवी-प्रतिरक्षा

परोपजीवींचा संसर्ग रोखण्याची, तो आटोक्यात ठेवण्याची आणि एकदा त्यातून वाचल्यावर पुढच्या संसर्गाला दाद न देण्याची माशांच्या शरीराची क्षमता. तिचे जन्मजात व अर्जित असे दोन प्रकार करण्याची प्रथा आहे. माशांच्या बाबतीत ही विभागणी सोयीपुरतीच मानावी, कारण पूरक प्रथिने (कॉम्प्लिमेंट), श्वेतपेशी आणि प्रतिपिंडे (अँटिबॉडी) संसर्गाच्या जागी एकत्रच काम करताना आढळतात.

अस्थिमत्स्यांना (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांना) लसीका ग्रंथी नसतात व त्यांच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होत नाहीत. ते काम मुख्यतः वृक्काचा अग्रभाग करतो आणि यौवनलोपी ग्रंथी (थायमस) व प्लीहा यांची त्याला जोड असते. त्यांच्या त्वचेचा बाह्य थरही जिवंत पेशींचा असतो. त्याच्यावरील श्लेष्मात (बुळबुळीत स्रावात) लायसोझाइम व लेक्टिने ही संरक्षक प्रथिने, पूरक प्रथिने व प्रतिपिंडे असल्यामुळे बहुतेक बाह्य परोपजीवींशी पहिली गाठ येथेच पडते.

रोगातून बचावलेले मासे पुन्हा सहसा बाधित होत नाहीत, या निरीक्षणाचे श्रेय सामान्यतः बुशकील यांना (१९१०) दिले जाते. त्यांचा अभ्यास गोड्या पाण्यातील माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाविषयी होता. शिंपल्यांच्या परोपजीवी डिंभांविरुद्ध (पिलांच्या अवस्थेविरुद्ध) अशीच अर्जित प्रतिरक्षा रूलिंग यांनी १९१९ मध्ये नोंदवली. हाइन्स व स्पायरा यांनी १९७४ च्या सुमारास कार्प माशांवर केलेल्या प्रयोगांनंतर या विषयाला पद्धतशीर रूप आले.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या पक्ष्माभिकायुक्त (केसांसारखे हलणारे तंतू असलेल्या) एकपेशीय आदिजीवामुळे होतो. त्याची पोहणारी अवस्था त्वचेत किंवा कल्ल्यांत शिरते, तेथे वाढून सुमारे एक मिलिमीटरपर्यंत होते आणि मग बाहेर पडून पाण्यात विभाजन पावते. प्रतिरक्षित माशाच्या त्वचेतही ही अवस्था शिरू शकते, पण तिच्यातील बहुतेक जीव काही तासांतच मासा सोडून जातात. परोपजीवीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना प्रतिपिंडे चिकटली की त्याच्या पक्ष्माभिकांची हालचाल थांबते. म्हणून या प्रथिनांना निश्चलीकारक प्रतिजन (प्रतिपिंडे तयार करवणारे पदार्थ) म्हणतात. क्लार्क, डिकरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनांविरुद्धची उंदराची एकक्लोनी (एकाच पेशीवंशातून मिळणारी, एकसारखी) प्रतिपिंडे कॅटफिश माशांना टोचली, तेव्हा त्वचेत आधीच स्थिरावलेले परोपजीवीही अवेळी बाहेर पडले. परोपजीवी मरण्याऐवजी निघून जातो, ही बाब महत्त्वाची आहे. येथील संरक्षणाचे स्वरूप बहुतांशी हुसकावून लावण्याचे दिसते.

श्लेष्मातील प्रतिपिंडे येतात कोठून, हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. ती रक्तातून झिरपतात असे एक मत होते. त्याविरुद्ध लॉब व क्लेम यांनी १९८१ मध्ये शीप्सहेड या सागरी माशावर केलेल्या प्रयोगांत शिरेतून दिलेली प्रतिपिंडे त्वचेच्या श्लेष्मात फारशी उतरली नाहीत. पुढे प्रतिरक्षित कॅटफिशच्या त्वचेचे कापून संवर्धनात ठेवलेले तुकडे विशिष्ट प्रतिपिंडे स्रवतात, असेही दाखवण्यात आले. २००५ मध्ये ट्राउट व झेब्राफिश यांत आयजीटी (किंवा आयजीझेड) हा प्रतिपिंडाचा नवा वर्ग आढळला. आतड्यातील सेरॅटोमिक्सा शास्ता (सध्याचे प्रजातिनाम सेरॅटोनोव्हा) या परोपजीवीतून बचावलेल्या ट्राउटमध्ये त्याविरुद्धची आयजीटी मुख्यत्वे आतड्याच्या श्लेष्मात, तर आयजीएम या दुसऱ्या वर्गाची प्रतिपिंडे रक्तरसात मिळाली (२०१०). त्वचेच्या बाबतीत असाच निष्कर्ष २०१३ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या अभ्यासातून निघाला. या पुराव्यांमुळे स्थानिक निर्मितीचे मत अधिक ग्राह्य ठरते, आणि केवळ रक्तरसातील प्रतिपिंडांच्या प्रमाणावरून माशाचे संरक्षण मोजणे अपुरे आहे हेही उघड होते.

काही प्रतिकार आनुवंशिक असतो. गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा चपटा कृमी १९७० च्या दशकात नॉर्वेत पोहोचल्यावर तेथील अटलांटिक सामन माशांची अनेक नद्यांतील संख्या कोसळली, परंतु रशियातील नेव्हा नदीकडील बाल्टिक वाण बऱ्याच अंशी तग धरते. प्रतिपिंडांवाचूनही पूरक प्रथिने या कृमीला चिकटून त्याला मारू शकतात. सागरी उवांच्या (माशांच्या त्वचेवर जगणाऱ्या लहान कवचधारी परोपजीवींच्या) बाबतीत कोहो सामनमध्ये दाह लवकर व तीव्र होऊन उवा गळून पडतात. अटलांटिक सामनमध्ये ही प्रतिक्रिया दुबळी असते. अंतर्गत कृमींच्या डिंभांभोवती मासे सहसा तंतुमय कोश तयार करतात. अशा तंतुमयतेची किंमत माशाला प्रजननात मोजावी लागते, हे स्टिकलबॅक माशांच्या अभ्यासातून दिसते.

मासे शीतरक्ती असल्यामुळे थंड पाण्यात प्रतिपिंडे तयार होण्यास अधिक आठवडे लागतात. दाटी, हाताळणी यांसारख्या ताणाने वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रतिरक्षा आणखी खालावते.

लसनिर्मितीत मुख्य अडचण परोपजीवीच्या स्वरूपाची आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या आदिजीवाचे संपूर्ण जीवनचक्र माशाशिवाय टिकवता येत नाही. त्याचे जनुकीय संकेत वेगळे असल्याने, म्हणजे इतरत्र प्रथिनाचा शेवट दर्शवणारे दोन संकेत येथे ग्लुटामिन दर्शवत असल्याने, त्याची प्रथिने सामान्य जीवाणूंत सरळ तयार होत नाहीत. यावर उपाय म्हणून १९९९ मध्ये टेट्राहायमेना या नातेवाईक आदिजीवाकडून निश्चलीकारक प्रतिजन तयार करून घेण्यात आले. परंतु या प्रतिजनांचे अनेक रक्तरसप्रकार (प्रतिपिंडांवरून ओळखले जाणारे भेद) असल्यामुळे एकाच प्रकारावर बेतलेली लस इतर वाणांविरुद्ध पुरी पडेलच असे नाही. क्रिप्टोबिया साल्मोसिटिका या सामनच्या रक्तातील कशाभिकायुक्त (चाबकासारखे तंतू असलेल्या) परोपजीवीविरुद्ध मात्र प्रथिनविघटक विकर गमावलेल्या दुर्बल वाणाची जिवंत लस प्रयोगांत दीर्घकाळ संरक्षण देणारी ठरली आहे.